जागा सोडून गायलेले धवले

पारूआत्या गेल्याचं मला कळलं, तेच मुळी कॅसेटच्या मागणीसोबत. सकाळी मी अंगणात हंडा घासत होते. खालच्या आळीतला दत्तू सायकल कुडाला टेकवून म्हणाला, "वैनी, पारूआत्या गेली. पहाटे. पोरगी आली की न्यायची." माझे हात थांबले. तो जरा घुटमळला आणि नजर चुकवत म्हणाला, "आन् वैनी... शनवारी आमची हळद हाय. ती धवल्यांची कॅसेट बाजूला काडून ठेवा. दुसरा कोन नेईल." मी "ठेवते" म्हटलं. हात पुसले, आत गेले आणि कपाटाला टांगलेल्या पाटीवर शनिवारपुढं दत्तूचं नाव लिहिलं. मग लुगडं बदलून आत्याचं तोंड बघायला निघाले. या क्रमात काही चुकलं, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. संध्याकाळी, सगळं उरकून घरी आल्यावर, पाटीवरचं माझं वळणदार अक्षर दिसलं आणि मी तिथंच खाली बसले.

तिला जाऊन आता काही आठवडे झाले. या दिवसांत मला जो भेटेल तो एकच सांगतो. "तुमच्यामुळं आत्याचा आवाज तरी ऱ्हायला, वैनी." कडावच्या बाजारात सांगतात, कर्जतला एसटीच्या रांगेत सांगतात. मी मान हलवते आणि पिशवी या हातातून त्या हातात घेते. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं...

आमच्या आगरी लग्नात धवलारीण म्हणजे काय, हे या भागाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. हळदीपासून नवरी घराबाहेर पडेपर्यंतचे सगळे विधी ती गाण्यातून लावते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. देवांना आवतण देते, पूर्वजांना हाका मारते, तांदळाला, उखळाला, मांडवाच्या मेढीला, म्हणजे मुख्य खांबाला, जागं करते. तिनं म्हटल्याशिवाय हळद लागत नसे. पारूआत्या आमच्या गावाची धवलारीण. कोणाची सख्खी आत्या ती नव्हती, म्हणून सगळ्यांचीच होती. ठेंगणी, काळीसावळी, मिश्री लावलेले दात, आणि आवाज असा की गाताना ओरडते असं कधी वाटलं नाही, तरी शेताच्या पलीकडं ऐकू जायचा. लग्न ठरलं की घरधनी नारळ घेऊन तिच्या दारात जायचा. नारळ हातात घेऊन ती आधी विचारायची, "पोरीचं नाव काय? पोऱ्याचं? आजाचं? पनज्याचं?" ती सगळी नावं एकदा ऐकून तिला पुरत. माझ्या लग्नात तिनं माझ्या माहेरच्या खापरपणजीचंही नाव घेतलं होतं. ते मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. माझ्या आईकडून तिनं हळूच काढून घेतलं होतं.

कॅसेटचं कपाट आमच्या घरात सुरू झालं ते माझ्या यजमानांमुळे. ते खोपोलीला कारखान्यात वायरमन. तिथल्या एका सोबत्याचा भाऊ आखातातून आला होता, त्याच्याकडून त्यांनी एक टेपरेकॉर्डर घेतला. पुढं दुसरा एक मोडका आणून दुरुस्त केला. दोन्हींच्या मध्ये वायर जोडली की इकडची कॅसेट तिकडं उतरायची. खोपोलीच्या दुकानात कॅसेट भरून मिळे, पण तो दुकानदार आपली मूळ कॅसेट ठेवून घेई आणि तिच्या प्रती विकत असे. आमच्या नाचातली गाणी, आमच्या बायकांचे आवाज त्याच्या काचेच्या कपाटात लागलेले मी पाहिले होते. मी यांना म्हटलं, "आपलं आपल्या घरात ठेवू. ज्याला हवं त्यानं कोरी कॅसेट आणावी, उतरवून न्यावं. पैसा घ्यायचा नाही. फक्त त्याच्या घरचं काही असेल तर त्यानंही आपल्याला द्यायचं." व्यवस्था सगळी माझी. पडवीतल्या कपाटाला खण, खणाला आकडे, कॅसेटवर चिकटवलेल्या पट्ट्या. मूळ प्रत घराबाहेर जाणार नाही, कोरी कॅसेट नसलेल्याला एक उतरवलेली प्रत पाटीवर नाव लिहून उसनी मिळेल, हा नियम. संध्याकाळी गावात विजेचा दाब उतरतो आणि तेव्हा भरलेली कॅसेट पुढं चिरक्या आवाजात वाजते, म्हणून उतरवायचं काम दुपारीच, हा दुसरा नियम. बघता बघता नेरळपर्यंतची माणसं यायला लागली. वाघबारशीची गाणी आली, गौरीची आली, एका म्हाताऱ्यानं तर आपल्या मेलेल्या बैलाला घातलेल्या हाका आणून दिल्या. मला अभिमान होता. तो खोटा नव्हता, हेही लिहायला हवं.

आत्याचे धवले त्या कपाटात आले माझ्या धाकट्या दिराच्या लग्नातून. यांनी टेप मांडवातच ठेवला होता. ती कॅसेट पहिल्या दिवसापासून सगळ्यात जास्त फिरली. आणि पुढच्याच उन्हाळ्यात पलीकडच्या वाडीतल्या एका घरानं नारळ घेऊन आत्याकडं न जाता कॅसेट घेऊन कर्णा लावला. त्यात कोणाची वाईट बुद्धी नव्हती. आत्याचा गुडघा दुखत होता, म्हातारीला कशाला ओढायचं, असं त्यांनी मला सांगितलं, आणि मलाही ते पटलं. आत्या पाहुणी म्हणून आली. मागच्या बाजूला, बायकांत बसली. नवरीचं नाव कुंदा. हळदीला कर्णा सुरू झाला, देवांची आवतणं झाली, आणि मग टेपमधल्या आत्यानं खणखणीत आवाजात हळदीला बसवलं ते माझ्या जावेला, सुमनला!

आधी कोणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा 'सुमन' आलं तेव्हा नवऱ्याकडचा एक जण ओरडला, "आरं, नवरी बदलली का रं? आमी कुंदा बघून गेलतो!" मांडव हसला. कोणी म्हणालं, "दोगीपन द्या, आमी नाय म्हननार नाय." पण कुंदाच्या आईचा चेहरा पांढरा पडला. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "देव दुसऱ्याच्या घरी बोलावलं गं तुमी. माझ्या पोरीच्या हळदीला कोन आलंय मंग?" मी टेप बंद करायला उठले. तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला. बसल्या जागेवरून, टेपसोबतच गात. कर्ण्यातून सुमन आलं की ती त्याच्यावर चढवून 'कुंदा' म्हणायची, दिराचं नाव आलं की कुंदाच्या नवऱ्याचं. आजा, पणजा, कुलदैवत, सगळं. तिला गाण्याचं आवतण नव्हतं, पण नावं तिनं विचारून ठेवली होती. स्वतःच्याच आवाजाशी भांडल्यासारखी ती हळद संपेपर्यंत गात राहिली. शेवटी धापा टाकत बसली. कुंदाची आई तिच्या पाया पडली.

एवढं डोळ्यांसमोर घडल्यावर कोणाही शहाण्या माणसाला कळलं असतं की या घरांना कॅसेट नको, आत्या हवी. मला कळलं ते वेगळंच. कॅसेटमध्ये दोष आहे, तो दूर केला पाहिजे. आठवड्याच्या आत मी तिला आमच्या पडवीत बसवलं. म्हटलं, "आत्या, पुन्हा गा. पण नाव येईल तिथं थांबायचं. तेवढी जागा सोडायची. ज्या घरात लग्न असेल तिथल्या बायका आपलं नाव तिथं घेतील."

"म्हंजे मधीच मुकी व्हवू?"

"मुकी नाही हो. श्वासभर थांबायचं."

"आन् देव? ते काय तवर लोकलची वाट बघत बसल्यागत बसतील?" ती हसली. मग माझ्याकडं बघत राहिली. "तुला काय वाटतं गं, बरं व्हईल असं?"

"पोरींच्या हळदीत घोळ होणार नाही, आत्या."

ते तिला लागलं. पोरींच्या हळदीत घोळ नको, एवढ्यासाठी ती गायली. तिला ते फार जड गेलं. नाव आलं की जीभ आपसूक पुढं जाई, मी हात वर करून थांबवायची. दुपारभर मी पारूआत्याला नावं न घेण्याची सवय लावत होते. ज्या बाईचं सगळं काम नाव घेण्याचं, तिला! कॅसेट उत्तम झाली. पट्टीवर मी लिहिलं, 'धवले. कोणत्याही लग्नासाठी.'

त्यानंतर तिच्या दारात नारळ येईनासा झाला. एकदम नाही. आधी दूरची घरं, मग गावातली. तिच्याकडं शिकायला बसणाऱ्या गावातल्या दोन सुना होत्या, त्याही यायच्या थांबल्या. कॅसेट होतीच. आत्या हळदीला पाहुणी म्हणून जाई, जेवे, येई.

मी तिला शेवटचं भेटले ते माघात. तिच्या ओट्यावर बसलो होतो. नदीपलीकडं कुठंतरी हळद होती आणि कर्ण्यातून तिचाच आवाज येत होता. ती डोळे मिटून ऐकत होती. गाणं नावापाशी आलं आणि थांबलं. तिकडच्या बायकांनी नाव घेतलंही असेल, पण तेवढ्या लांबून ते आमच्यापर्यंत आलं नाही. नुसती शांतता आली. आत्यानं डोळे उघडले.

"कोनाची हळद हाय गं?"

"ठाऊक नाही, आत्या."

"कॅसेट तूच दिली ना?"

"उतरवून नेलेली असेल कोणी. कुठून कुठं जाते, मला कळत नाही आता."

"बघ ना," ती म्हणाली, "म्हनतेय मीच, आन् मलाच ठाव नाय नवरी कोन." ती चिडून बोलली नाही. खरंच आश्चर्य वाटल्यासारखी बोलली. मी तिचा हात धरायला हवा होता. मी तिला गुडघ्यासाठी तेल आणून द्यायचं कबूल केलं आणि निघाले. तेल मी दिलं. मी कबूल केलेली कामं करते.

गेल्या आठवड्यात खालापूरकडच्या एका खेड्यातून एक बाई आली. विधवा. धाकट्या मुलीचं लग्न ठरलंय. म्हणाली, "ताई, बाप नसलेल्या पोरीचा धवला हाय का तुमच्याकडं? माझ्या थोरलीला पारूआत्यानं म्हटलेला. सगळा मांडव रडला होता." मी पाटी पाहिली, खण पाहिले, सगळ्या कॅसेटी आठवून पाहिल्या. नव्हता. असणार कसा? माझ्या दिराच्या लग्नात नवरीचा बाप होता. आणि पडवीत गायली तेव्हा 'कोणत्याही लग्नासाठी' हवं, असं मीच सांगितलं होतं. समोर जशी पोर असेल तसा धवला आत्या काढायची. समोर पोर नव्हती, मी होते.

"नाही," मी म्हटलं. कपाटासमोर उभं राहून हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला. मग विचारलं, "तुम्हाला काही आठवतो का?"

ती लाजली. "दोनच ओळी. आन् आवाज नाय मला." मी म्हटलं, म्हणा. तिनं पदर नीट केला, जमिनीकडं बघत म्हटलं...

*मेढीला आधी हळद लावा गं,*
*बाप तिचा मेढीला टेकलाय...*

तिसरी ओळ आली नाही. तिनं दोनदा प्रयत्न केला. टेप माझ्या हाताशी होता, आत कोरी कॅसेट होती. माझं बोट बटणावर गेलंही होतं. मी ते मागं घेतलं. हे बरोबर की चूक, मला अजून सांगता येत नाही. कदाचित आता त्या दोन ओळीही जातील. मी म्हटलं, "पुन्हा म्हणा." तिनं म्हटलं. मग तिनं माझा तळहात ओढून आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि त्यावर आपल्या तळव्यानं ठेका धरला. "थोरलीच्या हळदीत आत्या असं धरून शिकवत व्हती," ती म्हणाली, "तुमी बसला नसाल कधी." मी कधी बसले नव्हते. आम्ही दोघी जमिनीवर, गुडघ्याला गुडघा लावून बसलो, आणि चूल तशीच टाकून मी त्या दोन ओळी पाठ करत राहिले. माझा आवाज बसका आहे, सूर तिसऱ्याच गावाला जातो. ती हसली, मीही हसले.

निघताना तिनं विचारलं, "हळदीला याल?" मी म्हटलं, येईन. मग उंबऱ्यापाशी तिला थांबवून मी तिच्या मुलीचं नाव विचारलं. तिच्या आजाचं विचारलं. आणि तिच्या बापाचं.