टेंभुर्णीचा तुरेवाला ड्रॅगन

पोळा होऊन आठवडा झाला होता. शनिवारी सकाळी चहा घेता घेता मी बायकोला सांगितलं, "दुपारच्या गाडीने जालन्याला जाऊन येतो. एक आजारी झाड बघायचंय."

"आजारी माणसं संपली वाटतं आपल्यातली?" ती म्हणाली. तिची आत्या इथेच नाशिकरोडला दोन महिने अंथरुणाला खिळून होती आणि मी अजून तिकडे फिरकलो नव्हतो. मी बॅग भरायला उठलो.

ज्यांना या छंदाची लागण झालेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. निवडुंगाचा शेंडा कधीकधी बिघडतो. सरळ वर जायचं सोडून तो आडवा पसरत जातो आणि झाडाला कोंबड्यासारखा तुरा येतो. त्याला आम्ही क्रेस्टेड म्हणतो. जिकडेतिकडे गाठी आणि टेंगळं फुटली तर मॉन्स्ट्रोज. शेतकरी अशा झाडाला रोगट म्हणतो, आम्ही दुर्मिळ म्हणतो आणि गच्चीवर मानाची जागा देतो. माझ्याकडे अशी सत्तर आहेत. त्यांना अधूनमधून एखादा साधा, सरळ फुटवा येतो. तो वेळेवर छाटला नाही तर तोच जोर धरतो आणि तुरा मागे पडतो. म्हणून मी रोज सकाळी ब्लेड घेऊन कुंड्यांमधून फिरतो. आमच्याकडे सरळ वाढणाऱ्याला थारा नाही.

आमचा चाळीस जणांचा ग्रुप आहे. कुणी नव्या झाडाचा फोटो टाकला की सगळे 'वा!' लिहितात आणि मनातल्या मनात ते मुळाशी कुजावं म्हणून नवस बोलतात. ड्रॅगनफ्रूट हाही निवडुंगच, त्यामुळे मी ड्रॅगन लावणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका ग्रुपमध्येही गुपचूप बसून असतो. तिथे टेंभुर्णीजवळच्या एका शेतकऱ्याने फोटो टाकला होता: 'याला काय झालं? औषध सांगा.' वेल चढवलेल्या खांबाच्या डोक्यावर ड्रॅगनचा चांगला हातभर रुंद, लाटालाटांचा तुरा. आमच्या चाळिसातल्या एकाकडेही तसा नव्हता. मला तो हवा होता, आणि ग्रुपमधल्या बाकी एकोणचाळिसांना तो मिळायला नको होता. मी ताबडतोब फोन करून सांगितलं की मला ड्रॅगनची बाग लावायचीय, बघायला येऊ का?

खरं सांगायला काय झालं होतं, असं तुम्ही विचाराल. पण आमच्यात तशी रीत नाही. हव्या असलेल्या झाडाकडे बघायचंसुद्धा नाही. शेजारच्या झाडाचं कौतुक करायचं, हव्या त्या झाडाला नावं ठेवायची आणि निघताना सहज म्हणायचं, "फेकणारच असाल तर नेऊ का?" माझी अर्धी गच्ची अशीच भरली आहे.

गाडीत शेजारी बदनापूरला उतरणारे एक नोकरदार गृहस्थ होते. कुठे चाललात म्हणाले. निवडुंग बघायला, म्हटलं.

"तिकीट काढून?"

"हो."

"मंग बदनापूरलाच उतरा. आमच्या बांधावर लई हाय, फुकटात दाखवतो."

जालन्यात स्टेशनजवळच्या लॉजवर मुक्काम केला. खोली स्वच्छ, पंख्याचा आवाज मात्र गिरणीसारखा. सकाळी स्टँडसमोर पोहे खाऊन जाफराबादकडे जाणारी एसटी धरली आणि टेंभुर्णीला उतरलो. पुढे शेअर जीप. "जल्दी बसा, एकच सीट बाकी हाय," असं म्हणत ड्रायव्हरने त्या एका सीटवर आम्हा चौघांना बसवलं. तुम्ही गेलात तर सॅक टपावर टाका आणि पाणी सोबत ठेवा. दोन्ही बाजूंना कपाशी आणि सोयाबीन, आणि ऊन असं की टोपी घरी विसरल्याची आठवण दर पाच मिनिटांनी येत होती.

फोटो टाकणारे किसनकाका फाट्यावर घ्यायला आले होते. साठीचे, काटक. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे, वडिलांनी इथे जमीन धरली, आणि काकांनी दोन वर्षांपूर्वी साठवलेलं सगळं घालून दोनशे खांबांचा ड्रॅगन लावला. आता बाग लावायचीय असं मीच म्हटलेलं, त्यामुळे त्यांनी मला खांब न् खांब दाखवला. ठिबक, शेणखत, वरची सिमेंटची रिंग. "खर्चा बिलकुल कमी धरू नका सर. लोकं कमी धरतेत आन् मंग पस्तावतेत. लिहून घ्या." मी भर उन्हात दोन तास लिहून घेत होतो.

तो खांब शेवटच्या ओळीत, विहिरीजवळ होता. फोटोत होता त्याहून मोठा तुरा. त्याच्या वजनाने झाड मोडू नये म्हणून कुणीतरी जुन्या लुगड्याची पट्टी बांधून तो खांबाला सावरून धरला होता. मी लगेच सोयाबीनकडे बघायला लागलो.

"माझ्या मेव्हण्यासारखं हाय हे," काका म्हणाले. "खातंय, पितंय, पसरतंय, फळ न्हाई."

"असू द्या की," मागून मथुरामावशी, काकांच्या मंडळी, म्हणाल्या. लुगड्याची पट्टी त्यांनीच बांधली होती. "मी कोंबडा म्हणते त्याला. बघायला चांगलं वाटतंय."

मी कपाळाला आठ्या घातल्या. "काका, हा रोग आहे. शेंड्याचा. काढून टाका हे."

"बाकीच्यांना लागंल?"

"लागू शकतो."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी सगळ्या ओळींवरून एकदा नजर फिरवली. आयुष्यभराची कमाई त्या खांबांवर उभी होती, आणि माणूस खरोखर घाबरला होता. मला ते दिसलं. दिसल्यावर मला काय वाटलं असेल? काम फत्ते झालं, असं वाटलं. जेवण झालं की 'तपासायला नेतो' म्हणायचं आणि आख्खं झाड पोत्यात घालून नाशिक गाठायचं.

जेवायला येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदा. त्या आमटीसाठी मी पुन्हा जीपमध्ये चौथा बसेन. दुसरी भाकरी संपता संपता विचारलं, "काका कुठे गेले?"

"आलेच म्हणले."

तिसरी भाकरी अर्धी झाली तेव्हा काका आले. कोपरापर्यंत हात पांढरे.

"काढलं सर. मुळासकट. बारीक तुकडे केले, खड्ड्यात पुरलं आन् वरून चुना टाकला. तुम्ही आल्ते म्हणून वाचलो, न्हाईतर सगळी बाग गेल्ती."

मी उष्ट्या हाताने विहिरीपर्यंत धावलो. उकरलेल्या मातीवर चुना होता आणि खांबाला लुगड्याची पट्टी लोंबत होती. "सर किती काळजी करून राह्यले बघ," काका मावशींना म्हणाले.

मावशी मला हळूच गोठ्यामागे घेऊन गेल्या. तिथे तेलाच्या डब्यात त्याच झाडाचा तळहाताएवढा तुकडा त्यांनी मागेच लावलेला होता, तुऱ्यासकट, ताजा टवटवीत. "ह्यांना सांगू नका. यालाबी पुरतेल."

"मावशी, हा मला द्या."

त्यांनी डबा स्वतःकडे ओढला. "न्हाई भाऊ. तुम्हाला बाग लावायचीय. रोग घरी नेता का? मी काय तुमचं नुकसान करू?"

मी तपासणीचं सांगितलं, प्रयोगशाळेचं सांगितलं, पैसे देतो म्हटलं. त्या जागच्या हलेनात. 'मी खोटं बोललो' एवढं एक वाक्य पुरलं असतं. पलीकडे काका हाताचा चुना धूत होते, आणि ते वाक्य काही माझ्या तोंडून निघालं नाही.

"मंग बरं कसं करू याला?" त्यांनी विचारलं.

"लांब ठेवा. होईल बरं," मी म्हटलं आणि माझा नंबर दिला. निघताना काकांनी पिशवीभर ड्रॅगन दिले. पैसे घेतले नाहीत.

"कसा आहे तुमचा पेशंट?" घरी बायकोने विचारलं. गेला, म्हटलं. मी ग्रुपवर काही टाकलं नाही. ड्रॅगन गोड होते, पण मी एक खाल्ला आणि बाकीचे शेजाऱ्यांना वाटून टाकले. मला लाज वाटत होती. बायकोच्या आत्याकडे जाऊन आलो, त्यानेही फरक पडला नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी गच्चीत ब्लेड घेऊन उभा होतो, तेव्हा मावशींचा फोटो आला. तोच डबा. तुरा पार कापून काढलेला, कापल्या जागी हळद लावलेली आणि बाजूने बोटभर लांब, सरळसोट, तीन धारांचा हिरवा फुटवा. सोबत आवाजातला निरोप: "भाऊ, वाकडं वाकडं सगळं काढून टाकलं. आता बघा, एकदम सरळ आलं. गेला ना रोग?"

मी तो निरोप तीनदा ऐकला. मग ब्लेड कठड्यावर ठेवलं आणि फोन लावला.

"मावशी, त्याला रोग नव्हताच. मला ते झाड हवं होतं, म्हणून खोटं बोललो."

पलीकडे शेळी ओरडली.

"मंग मागायचं की भाऊ," मावशी म्हणाल्या. "खांबासकट दिलं असतं."

मी 'बरं, ठेवतो' म्हटलं.

"थांबा, फोन ठेवू नका," त्या म्हणाल्या. "ह्यांना देते. ह्यांनाबी सांगा."