हात थांबला की सांग

लॉइसक्का गेली तो गुरुवार होता, आणि मी तिला रविवारचा वायदा केला होता. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून येताना होसूर रोडवर आमची बस नेहमीसारखी अडकली होती, तेव्हा शेजारच्या गिरिजम्मांचा फोन आला. वरच्या अमेरिकन बाईंना दुपारी चक्कर आली, दवाखान्यात नेलं, तिथंच संपलं सगळं... मी नुसती कन्नडात "सरी, सरी", बरं बरं, म्हणत राहिले. बाजूला बसलेल्या बाईनं विचारलं, कोण गेलं? मी म्हणाले, भाडेकरू. त्या शब्दाची मला अजून लाज वाटते.

बनशंकरीत आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत ती तेवीस वर्षं राहिली. आमचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर इकडं आले आणि इथंच मुरले. मराठी उरली, पण अर्धी कन्नडात बुडालेली. आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले कागद होते, ते वाचायला म्हणून ही बाई दोन महिन्यांसाठी आली. आमच्यापैकी एकालाही मोडी लागत नव्हती आणि ही जमिनीवर फतकल मारून आमच्याच खापरपणजोबांची भावाभावांतली भांडणं आम्हाला वाचून दाखवायची. लॅटिन, फारसी, मोडी, काय येत नव्हतं तिला... मराठी मात्र तिनं आमच्या आईकडून उचलली, तीही स्वयंपाकघरातली. "स्वल्प थांब गं, डाळ उतू जाते," असं ती म्हणायची तेव्हा पुण्याहून आलेले पाहुणे तोंडाचा आ करून बघत बसायचे. आई तिला अक्का म्हणायची, म्हणून आम्ही लॉइसक्का.

ती कादंबऱ्या लिहायची. चार लिहिल्या, एकेक उशीएवढी जाड. तिच्या देशात त्या कुणी फारशा वाचल्या नाहीत. मी कारखान्यात तयार माल तपासते. एकदा आमच्याकडं अमेरिकेहून गिऱ्हाईक आलं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात त्याला म्हटलं, तुमची एक मोठी लेखिका आमच्या घरात राहते. त्यानं नाव विचारलं, स्पेलिंग दोनदा विचारलं, फोनमध्ये टिपून घेतलं आणि लगेच मागच्या महिन्यातल्या खराब मालाबद्दल बोलायला लागला. संध्याकाळी मी हे लॉइसक्काला सांगितलं. ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "दोनदा विचारलं ना? मग पुष्कळ झालं," म्हणाली. त्या दिवशी ती जेवायला खाली आली नाही. सांगायची काय गरज होती मला? पण माझी जीभ अशीच, आधी बोलते, मग विचार करते.

तिची लिहायची पद्धत जगावेगळी होती. सकाळी लिहिलेलं दुपारी गच्चीवर आईला वाचून दाखवायची. आईला इंग्रजीचा गंध नाही. ती मांडीवर सूप घेऊन बसायची. थंडीत अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलायच्या, एरवी कोथिंबीर निवडायची नाहीतर तांदूळ. लॉइसक्का वेताच्या खुर्चीत बसून वाचायची आणि मधूनच विचारायची, "हात थांबला?" आई म्हणायची, "नाही बाई. चल पुढं." की त्या पानावर काट. जिथं आईचा हात शेंग धरून तसाच राहायचा, तिथं लॉइसक्का समासात पेन्सिलीनं एक छोटा दाणा काढायची. ते पान राहायचं.

मी एकदा आईला विचारलं, "तुला काय डोंबल कळतं त्यातलं?"

"काही कळत नाही," आई म्हणाली. "पण कुठं नुसती ऐट करते ते कळतं."

हे मी लॉइसक्काला सांगितलं तेव्हा मात्र ती हसली नाही. म्हणाली, "मला फार येतं गं. तेच आड येतं. तुझी आई मला आवरते."

पाचवी कादंबरी अर्ध्यावर असताना आई गेली. त्याला तीन वर्षं झाली. वर्षभर लॉइसक्कानं काही लिहिलं नाही. मग लिहायला लागली, पण पानं नुसती साठत गेली. ठेवायचं कुठलं, काटायचं कुठलं, तिला ठरवता येईना. एके दिवशी खाली येऊन दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "तू बसशील का?" मी म्हटलं, "अगं, मला इंग्रजी येतं, माझा काय उपयोग?" तर म्हणे, "अर्थ सोड. हात थांबला की सांग." मी म्हटलं, रविवारी. सहा दिवस मी दुसऱ्याच्या कामात खोट काढते, सातव्या दिवशी मला झोप हवी असते. मग पुढचा रविवार, मग त्याच्या पुढचा... ती कधी टोमणा मारायची नाही. "सरी, रविवारी," म्हणून जिना चढून जायची. तो जिना चढतानाचा तिचा आवाज आता मला फार आठवतो. आत्ता एकदा ऐकू आला तर मी हातातलं सगळं टाकून वर जाईन.

तिच्या भाच्याचा अमेरिकेहून फोन आला, कागद पाठवून द्या म्हणून. बिचारा चांगला आहे, पण त्यानंही तिचं एकच पुस्तक वाचलंय, तेही अर्धं. कागद बांधायला बसले आणि पाचव्या कादंबरीचा गठ्ठा उघडला. निम्म्यापर्यंत समासात दाणे होते. पुढं एकही नाही. पुढच्या पानांच्या डोक्यावर तिनं आपल्या गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं, रविवार. खोडून, खाली पुन्हा, रविवार. मी तिथंच बसून रडले.

भाच्याला कळवलं, थोडा वेळ लागेल. आणि गिरिजम्मांना गाठलं. त्यांनाही इंग्रजी येत नाही. "मला काय समजणार त्यातलं?" त्या कन्नडात म्हणाल्या. मी म्हटलं, समजून घ्यायचं नाही, फक्त सोलायचं. गेल्या रविवारी त्यांना गच्चीवर आईच्या जागी बसवलं, मांडीवर सूप दिलं. अवरेकाईचे दिवस आहेतच. वेताच्या खुर्चीत बसायचा मला धीर झाला नाही, मी पायरीवर बसून वाचत होते. पहिली सात पानं त्यांचा हात झरझर चालला. आठव्या पानावर एक बाई नवऱ्याच्या पत्राची वाट बघते, आणि रोज स्वतःला सांगते, उद्या येईल. मी डोळे वर केले. गिरिजम्मांच्या बोटांत शेंग तशीच होती. त्या वाक्यानं थांबल्या की माझा आवाज फुटला म्हणून, देव जाणे.

मी पेन्सिल घेतली, समासात दाणा काढला.

"थांबला गं, अक्का," मी खुर्चीकडं बघून म्हणाले.