उमरेडला निघालेला संगणक

तिचं नाव मी स्वतः पुसलं, म्हणून इथंही लिहीत नाही.

धंतोलीतल्या दवाखान्यात मी रुग्णांच्या नोंदी सांभाळायचो. नवा संगणक आला, नोंदी त्यात उतरवल्या आणि जुना उमरेडच्या एका क्लासला विकला. तो न्यायला टेम्पो आला, त्याच दुपारी ती धापा टाकत आली. डावा हात पदराखाली होता.

"माह्या महारोगाचं त्यात हाय ना? उमरेडलेच पोरीची सोयरीक जमून राहिली."

ती केव्हाच बरी झाली होती. तरी तिला लपावं लागत होतं, याचा मला संताप आला. मी तिची नोंद पुसली.

"परत निघते काय गा?"

"जाणकार काढू शकतो. वरून दुसरं लिहिलं तरच जाते."

"मंग लिव्ह ना! सगळ्यायच्यावर लिव्ह. बाकीच्या पेशंटायले हे चाललं म्हून कोण सांगणार हाय?" वाकडी बोटं पदराबाहेर येऊन पडद्याकडे रोखली गेली.

बाहेर हॉर्न वाजत होता. याच संगणकावर मी आमच्या मोर्चाचं पत्रक लिहिलं होतं. सगळ्यांच्या नोंदी पुसल्या आणि डिस्क भरेपर्यंत मी त्या पत्रकाच्याच नकला काढत राहिलो.

"काय लिवलं त्यात?"

"बऱ्या झालेल्या माणसाला दूर ठेवणं हा गुन्हा आहे."

ती हसली. "वाचतीन काय गा उमरेडवाले?"

आणि रस्त्यावर उतरण्याआधी तिनं हात पुन्हा पदराखाली घेतला.