गाऊन आणि पदर

पदवीदानाचं पत्र आलं तेव्हा मी चुलीपुढे होते. नवऱ्यानं ते उंबऱ्यातूनच वाचून दाखवलं. औरंगाबादला सकाळी हजर राहावं, काळा गाऊन तिथेच भाड्यानं मिळेल, स्त्रियांनी आत पांढरी किंवा फिकट साडी नेसावी. शेवटचं ऐकून सासूबाई जात्यावरून उठल्या. "सवाष्णीनं पांढरं नेसायचं? लिवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर हाय का?"

त्यांना रंगाची काळजी, मला वेगळीच. आमच्या घरात सून सासऱ्यासमोर उघड्या डोक्यानं जात नसे आणि त्यांच्याशी बोलतही नसे. सासऱ्यांना मला काही सांगायचं असलं तर ते दुसऱ्या कुणाला तरी सांगत, "तिला म्हणावं." आणि हेच सासरे समारंभाला यायचं म्हणून हटून बसले होते. गाऊन घातला की पदर आत दाबला जाणार. मग डोक्यावर काय घेणार? आणि डोक्यावर पदर नसला तर ते माझ्याकडे बघणार कसे?

त्यांनी बघावं असं मला फार वाटत होतं, कारण मला शिकवलं त्यांनीच. निजामाच्या अमलात ते उर्दूतून चार बुकं शिकलेले. गावात कुणाचा कागद आला की लोक त्यांच्याकडे येत. मग राज्य बदललं, कचेरीचे कागद मराठी-इंग्रजीत यायला लागले आणि सासरे बसल्या जागी अडाण्यांत जमा झाले. माझा नवरा मॅट्रिकला दोनदा गटांगळ्या खाऊन शेतीला लागलेला. मी परभणीहून मॅट्रिक होऊन आलेली. "घरात एक तरी वाचणारं पायजे," असं म्हणून त्यांनी मला नांदेडच्या कॉलेजात घातलं. चार वर्षं रोज चुडाव्याच्या स्टेशनापर्यंत ते पुढे आणि वीस पावलं मागे मी. लोक विचारत, "सुनंला बालिस्टर करायलात का?" ते म्हणत, "करायलोय. तुमचं काय जायलंय?"

तर मी ट्रंक उघडली. पहिल्यांदा लग्नातली हिरवी इरकल नेसले. नवऱ्यानं गाऊन म्हणून स्वतःची घोंगडी माझ्या खांद्यांवर टाकली, लांब जाऊन बघितलं आणि म्हणाला, "कणगी दिसायलीस." मी घोंगडी त्याच्याच अंगावर फेकली. मग माहेरचं मोतिया रंगाचं पातळ काढलं. "काठ लाल हाय, चालंल," असं म्हणून सासूबाई सुटल्या. मी सुटले नाही. पदर लांब सोडून डोक्यावर घेतला, वर पुन्हा घोंगडी घातली, तर ती सरकली की तोही मागे ओढला जाई. मान वाकवली की डोळ्यांवर येई. मग केसांत आकडे खोचले. आधी तीन, मग पाच. उभी राहा, दोन पावलं चाल, वाक, हात पुढे कर, मागे सर. पुन्हा उभी राहा. त्या आठवड्यात माझ्या हातून भाकरी करपल्या, दूध उतू गेलं, वासरू मोकळंच ठेवून मी नुसतं दावं खुंट्याला बांधून आले. सासूबाई म्हणाल्या, "परीक्षेला एवढी भ्याली न्हाईस." खरंच होतं. परीक्षेत काय लिहायचं ते मला ठाऊक होतं.

शेवटी सात आकड्यांनी पदर जागचा हलेना. इतकी खूश झाले की सासूबाईंना दोनदा वाकून दाखवलं.

औरंगाबादला सासरे आणि नवरा मांडवात तिसऱ्या रांगेत बसले. आम्हाला मागच्या राहुटीत नेलं. तिथे एक बाई मुलींना गाऊन चढवत होत्या. माझी पाळी आली तशी म्हणाल्या, "पदर काढा. गळ्यातली पट्टी मानेवर नीट बसली पाहिजे."

"पदर राहू द्या. माझे सासरे आलेत."

"मग रांगेतून बाहेर व्हा."

मागच्या मुली पुढे ढकलत होत्या. बाहेर नावं पुकारली जाऊ लागली होती. मी बाईंकडे डोळे वटारून बघितलं, पण हात वर गेले. सातही आकडे मीच काढले.

माझं नाव पुकारलं तेव्हा सासरे मान उंच करून मंचाकडेच बघत होते. मी दिसले, माझे केस दिसले आणि त्यांनी झटकन मान खाली घातली. मला नुसता फेटा दिसत राहिला. जमिनीकडे बघत ते टाळ्या वाजवत होते. बाकीच्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या चालूच. कागद कुणाच्या हातून घेतला ते आज आठवत नाही. मला राग आला होता. त्या बाईंचा, गाऊनचा, आमच्या रीतीचा, आणि मुकाट्यानं आकडे काढले म्हणून माझा स्वतःचाही.

गाऊन परत करून, पदर घेऊन मी बाहेर आले. दोघं लिंबाखाली उभे होते. नवरा सासऱ्यांना विचारत होता, "आबा, बघितलं का?"

"उघडं डोकं हुतं की रं तिचं. कसं बघू?" मग म्हणाले, "तिला म्हणावं, पदर घेऊन पुन्हा एकदा झगा घालून ये. मला बघायचंय."

मी उलट पावली पळाले. गाऊन जमा करून घेणाऱ्या कारकुनाला म्हटलं, पाचच मिनिटं द्या. तो म्हणाला, जमा झालेला गाऊन देता येत नाही. मी भांडले, हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. त्यानं पुढच्या माणसाकडे तोंड केलं.

"देईना," मी नवऱ्याला सांगितलं.

"ऱ्हाऊ दे," सासरे जमिनीकडे बघत म्हणाले. "आपल्या नशिबात नव्हतं."

ते मात्र मला ऐकवेना. चार वर्षं उन्हापावसात ज्यानं मला गाडीवर पोचवलं, त्याच्या नशिबात एवढंही नसावं? मी डोक्यावरचा पदर खाली घेतला. कागद दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"मामा," मी म्हटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. "बघा."

नवरा "अगं, अगं" करायला लागला. सासऱ्यांची मान सावकाश वर आली. त्यांनी बघितलं. कागद बघितला, मला बघितलं, घाई केली नाही. मग फेट्याच्या शेवानं डोळे टिपले आणि बोलले. नवऱ्याशी नाही, माझ्याशी.

"चल माय," म्हणाले, "गाडी चुकंल."