मॉलमधली गादी

"बसा न बाप्पा! घ्या, नका घेऊ, बसा तर खरं!" दुकानात पाय पडायच्या आत साडीवाल्या काकांचं हे वाक्य कानावर यायचं, आणि पाठोपाठ हवेत उलगडलेली साडी.

इथं हिंदी मुलखात, दीक्षितपुऱ्यातलं त्यांचं साड्यांचं दुकान म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरी गादी. चपला बाहेर काढायच्या, मांडी घालून बसायचं, चहा घ्यायचा. साडी अंगावर कशी दिसते हे दाखवायला काका स्वतःच पदर घेऊन उभे राहायचे. एवढ्या मिशा, वर पदर, आणि लाजणं तर विचारू नका! आम्ही बायका हसून लोटपोट व्हायचो आणि त्या भरात दोनच्या चार साड्या घ्यायचो.

मग रस्ता रुंद झाला, निम्मं दुकान त्यात गेलं. काकांनी विजय नगरच्या मॉलमध्ये गाळा भाड्यानं घेतला. काचेचं दार, चकचकीत फरशी. पहिल्या दिवशी काकांनी काय केलं असेल? अहो, गादी अंथरली!

मॉलच्या मॅनेजरनं बजावलं, "संडे तक गद्दी हटाइए, नहीं तो दुकान खाली कीजिए."

"उभ्यानं साडी घेते काय कोणी? उभ्यानं तर भाजी घेतेत," काका मला म्हणाले. हसत होते, पण हात गादीवरून फिरत होता.

"काळजी काहून करता? मी आणते गिऱ्हाईक!" मी म्हटलं. नणंदेच्या लग्नाचा बस्ता बांधायचाच होता. रविवारी अकरा बायका घेऊन थडकले. तुम्ही कधी मॉलच्या सरकत्या जिन्यापर्यंत चपलांची रांग पाहिली आहे? मी पाहिली आहे. ती पाहून येणारे-जाणारेही आपापल्या चपला काढायला लागले! एका आजोबांनी हात जोडून विचारलं, "आरती हो गई क्या?" काकांनी त्यांच्या हातावर बडीशेप ठेवली. त्यांनी ती डोळ्यांना लावून खाल्ली. मला हसता हसता उचकी लागली.

तेवढ्यात मॅनेजर तणतणत आला. "जूते उधर, भैया," काका म्हणाले. बूट काढून बसला बिचारा. मोज्यातून अंगठा बाहेर! काकांनी न पाहिल्यासारखं करून चहा पुढे केला. तासाभरानं तो बायकोसाठी साडी घेऊन उठला आणि हळूच म्हणाला, "काकाजी, रूल तो रूल है."

काकांनी त्याचा रिकामा कप उचलला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अच्छा. गादीच नाही, तर मी काय करून राहिलो इथं?"

चार दिवसांनी काकांनी सिहोऱ्याच्या बसच्या टपावर गादी बांधली. मुलीकडे निघाले होते, तिच्या ओसरीवर दुकान मांडणार होते. खिडकीतून ओरडले, "या तिकडं! बसा तर खरं!" मी हसत हात हलवला. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू?

त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. परवा गेले, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "दीदी, आपकी चप्पल?" पाहते तर काय, मी अनवाणी. चपला दाराबाहेर, नीट जोडून ठेवलेल्या.

ओशाळून शेजारी उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. त्यांच्याही पायात काही नव्हतं.