हजेरीतच संपणारा तास

माझ्या लेकरांनो, तुम्ही दोघं तिकडे घरबसल्या पडद्यावर शिकता, म्हणून आमच्या शेजारच्या भूगोलाच्या सरांविषयी तुम्हाला सांगायला हवं. गेल्या रविवारी ते जळगाव सोडून मुलीकडे धुळ्याला राहायला गेले. आठवतंय तोवर लिहून ठेवते.

यंत्राचा इतका मान ठेवणारा आणि त्याच्यावर इतका कमी विश्वास टाकणारा प्राध्यापक अख्ख्या खानदेशात दुसरा नसेल. टाळेबंदीत कॉलेजने फोनवरून शिकवायला सांगितलं, तेव्हा सर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून स्वतःच्याच बैठकीत उभे राहत. बसून शिकवलेलं मुलांच्या डोक्यात शिरत नाही, असं त्यांचं ठाम मत. नव्वद मुलांची हजेरी एकेक नाव पुकारून घेत आणि "यस सर" ऐकल्याशिवाय पुढे सरकत नसत. फोनवरची ती फुकटातली व्हिडिओ मीटिंग चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडे, तेव्हा हजेरी जेमतेम ऐंशीच्या पुढे गेलेली असे. पंधरा दिवस हजेरी उत्तम, भूगोल शून्य.

"सर, हजेरी सोडा की," मी कुंपणावरून म्हटलं.

"नांगरट न करता पेरायचं का, अक्का?"

"तुमची नांगरट दिवाळीपर्यंत चालेल!"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी सवयीने स्पीकर लावला. यादीतली शेवटची मुलगी होती, सातपुड्याच्या पायथ्याची. रेंजसाठी ती रोज टेकडी चढायची आणि तिचं नाव येण्याआधीच मीटिंग संपायची.

"सर, मी रोज येस, तरी गैरहजर. घरना बठ्ठा म्हनतस, शिक्षण सोडी दे." रोज येते तरी गैरहजर लागते आणि घरचे सगळे शिक्षण सोड म्हणतात, असं ती तिच्या अहिराणीत सांगत होती.

सरांनी फोन तोंडाजवळ धरला. मग म्हणाले, "पोरी, आठ दिवस थांब. सोडू नको."

दुसऱ्या दिवशी ते आमच्या मागच्या खोलीत हजर. "अक्का, आवाज साठवून पाठवता येतो म्हणे. शिकवा." तीन दिवसांत शिकले. मुलीने एकदा टेकडीवर जाऊन धडे फोनमध्ये उतरवून घ्यायचे आणि मग शेतात, घरात केव्हाही ऐकायचे. हजेरीपुस्तक सरांनी स्वतःच्या हाताने कपाटात ठेवलं. मुलगी पास झाली, पुढेही शिकली.

त्या ध्वनिफितींत सर दर मुद्द्यानंतर "समजलं का?" विचारतात आणि अर्धा मिनिट गप्प राहतात. मी म्हटलं, एवढं कापून टाकू. तर म्हणाले, "नको. तेवढ्यात ती हो म्हणत असेल."

त्या सगळ्या ध्वनिफिती माझ्या फोनमध्ये अजून आहेत. काहीही कापलेलं नाही.