चावीवाल्याच्या घराची चावी

अख्ख्या बाजाराची कुलपं उघडून देणाऱ्या चावीवाल्याकडे स्वतःच्या घराची चावी नव्हती. कधी लागलीच नाही. संध्याकाळी घंटी दाबली की आतून चपलांची फटफट यायची, "आले रे" ऐकू यायचं आणि ताई दार उघडायची.

चाळिशी उलटली, टक्कल पडलं, तरी घरात तो छोट्याच. नवव्या वर्षी तो दूध आणायला गेला आणि किटली डेअरीवरच ठेवून, मोकळ्या हाताने, शीळ घालत परत आला होता. "याला एकट्याला सोडू नका गं," आई म्हणाली होती. आई गेली, किटली गळून भंगारात गेली, ते वाक्य मात्र टिकलं. त्याचा तर त्यावर सगळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता.

ताई नर्स. दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात मुख्य नर्सची जागा तिला चालून आली होती. तिसऱ्यांदा. आधीच्या दोन तिने छोट्यासाठीच सोडल्या. या वेळी दोन दिवस जागा बघायला गेली आणि जाताना म्हणाली, "शनिवारी सकाळी त्यांना हो की नाही सांगायचंय. तू म्हणशील तसं. आणि ही चावी, खिळ्याला लावलीय. विसरू नकोस."

शुक्रवारी संध्याकाळी त्याने नेहमीप्रमाणे घंटी दाबली. दाबून उभाच राहिला. फटफट येईना तेव्हा डोक्यात उजेड पडला. ताई नाही. चावी आत, खिळ्यावर. आणि दार सकाळी त्यानेच ओढून घेतलेलं.

शेजारच्या काकू जणू दाराला कान लावूनच बसल्या होत्या. हातात चावी नाचवत बाहेर आल्या. "ताईने एक माझ्याकडे ठेवलीय. म्हणालीच होती, हा बाहेर राहणार."

चावी दोन हातांवर होती. ती घेतली की ताई ही जागाही सोडून परत येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. उद्यापासून पुन्हा फटफट, पुन्हा "आले रे". हात पुढे गेलाही.

"राहू द्या काकू," तो म्हणाला.

"मग काय दाराशी गप्पा मारणार?"

त्याने हत्यारांच्या पिशवीतून कोरी, दाते न पाडलेली चावी काढली, कुलपात घालून दाब देत फिरवली. बाहेर काढून उजेडात धरली. कुलूप आतून जिथे चावलं होतं तिथे बारीक डाग उमटले होते. तेवढंच कानशीने घासलं. पुन्हा घातली. लोकांच्या दारात हे काम तो दहा मिनिटांत करायचा. इथे एक चावी जास्त घासली जाऊन वाया गेली. काकू दोनदा आत जाऊन आल्या. दुसरी मात्र फिरली.

आत जाऊन त्याने फोन लावला.

"आत आहेस ना?" ताईचा पहिला प्रश्न.

"आत आहे."

"चावी?"

"आता दोन आहेत. एक खिळ्यावरची, एक मी केलेली. तू हो सांगून टाक."

ती म्हणाली, "मला वाटलं, नको म्हणशील."

"मलाही," तो म्हणाला. "जेवलीस का?"

आता चावी त्याच्या कमरेच्या जुडग्यात असते. संध्याकाळी दाराशी आला की तरीही आधी एकदा घंटी दाबतो. ती आत रिकाम्या खोल्यांतून वाजत जाते. ती विरेपर्यंत थांबतो, आणि मग चावी काढतो.